उंचीमापक खरे केव्हा सांगतो?

मैदानावरून दोन गटांनी आपापली पुठ्ठ्याची छोटी रॉकेटे उडवली असे समजा. एकातील उंचीमापकाने १८० मीटर उंची नोंदवली, दुसऱ्यातील उंचीमापकाने १९५ मीटर. पहिला क्रमांक कोणाचा? उत्तर देण्याची घाई करू नका. आधी हे यंत्र मोजते तरी काय, ते पाहू या.

बोटाएवढ्या या पट्टीवर एक चिमुकला संवेदक असतो. त्याला उंची मुळीच कळत नाही. त्याला कळतो तो फक्त हवेचा दाब. जसजसे वर जावे तसतशी डोक्यावरची हवा कमी होते आणि दाब उतरतो. समुद्रसपाटीजवळ सुमारे ८ मीटर वर गेले की दाब १ हेक्टोपास्कलने (म्हणजेच १ मिलिबारने) कमी होतो. यंत्र या फरकावरून उंचीचे गणित करते. म्हणून लक्षात ठेवा : दाब ज्या ज्या कारणाने बदलेल, ते प्रत्येक कारण यंत्राला ‘उंची’च वाटणार!

ही कल्पना फार जुनी आहे. १९ सप्टेंबर १६४८ रोजी पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाचा मेहुणा पेरिये हा पाऱ्याची नळी घेऊन प्वी द दोम नावाचा डोंगर चढला. माथ्यावर पारा सुमारे साडेआठ सेंटिमीटर खाली आला. पण पेरियेची खरी हुशारी पुढेच आहे. त्याने दुसरी नळी पायथ्याशीच ठेवली आणि एका धर्मगुरूला दिवसभर तिच्यावर लक्ष ठेवायला सांगितले. तिच्यातला पारा हलला नाही. म्हणजे फरक पडला तो हवामानामुळे नव्हे, उंचीमुळेच, हे सिद्ध झाले. आपल्यालाही हेच करायचे आहे.

शून्य ठरवणे : आपल्याकडे हवेचा दाब रोज सकाळी दहाच्या सुमारास सर्वांत जास्त असतो आणि दुपारी चारच्या सुमारास बराच उतरतो. हा फरक ३ हेक्टोपास्कलच्या आसपास असतो. आता गणित करा. सकाळी दहाला शून्य लावून दुपारी चारला उड्डाण केले, तर रॉकेट जमिनीवर असतानाच यंत्र सुमारे २५ मीटर उंची दाखवील! वरच्या दोन गटांतील फरक तर अवघा १५ मीटरांचा आहे. तेव्हा शून्य लावायचे ते उड्डाणस्थळीच, रॉकेट उभे केल्यावर आणि उड्डाणाच्या अगदी थोडे आधी.

भोके : यंत्राच्या कप्प्याला बाहेरची हवा मिळायला हवी. एकच भोक ठेवले आणि वारा थेट त्यावर आला, तर आतला दाब वाढून उंची कमी दिसते. वारा भोकाच्या कडेने वाहिला तर उलट घडते. म्हणून नळीभोवती समान अंतरावर तीन-चार बारीक भोके पाडा. छोट्या कप्प्याला साधारण १ मिलिमीटर व्यासाची भोके पुरतात. त्यांच्या कडा गुळगुळीत हव्यात आणि ती नाकाड्याच्या सांध्यापासून दूर असावीत, कारण तिथे हवेचा प्रवाह गढूळलेला असतो. संवेदकावर ऊन पडू देऊ नका. काळ्या स्पंजचा तुकडा लावा.

नोंदीचा वेग : सेकंदाला किती नोंदी घ्याव्यात? शिखराशी रॉकेट क्षणभर जवळजवळ थांबते. शिखरापासून अर्ध्या सेकंदात ते अवघे सव्वा मीटर खाली येते. म्हणून केवळ कमाल उंची हवी असेल, तर सेकंदाला दोन-चार नोंदीही चालतात. पण इंजिन पेटलेले असताना वेग सेकंदाला ५० मीटर असेल, तर एकदशांश सेकंदात रॉकेट ५ मीटर पुढे जाते. वेगाचा आलेख हवा असल्यास सेकंदाला २० नोंदी ठेवा.

उड्डाण ओळखणे : ठरावीक उंची ओलांडली की यंत्र नोंद सुरू करते. ही मर्यादा २ मीटर ठेवली, तर वाऱ्याच्या झुळकीनेही नोंद सुरू होईल. फार जास्त ठेवली, तर सुरुवात हातची जाईल. १० ते २० मीटर ही मर्यादा बरी.

तापमान : यंत्राचे गणित प्रमाण वातावरण धरून केलेले असते. त्यात समुद्रसपाटीचे तापमान १५ अंश सेल्सिअस मानले आहे. उन्हाळ्यात हवा विरळ असते आणि दाब हळू उतरतो, म्हणून यंत्र उंची कमी सांगते. किनाऱ्याजवळच्या मैदानावर तापमान ३५ अंश असेल, तर केल्विनमध्ये ३०८ भागिले २८८, म्हणजे सुमारे १.०७ ने उंचीला गुणा. मग २०० मीटरचे २१४ मीटर होतात!

शेवटी आलेख डोळसपणे वाचा. पॅराशूट बाहेर फेकणाऱ्या दारूचा वायू कप्प्यात शिरला, तर आलेखात अचानक खड्डा किंवा सुळका दिसतो. एकविसांश सेकंदात ३० मीटरची उडी म्हणजे सेकंदाला ६०० मीटर वेग! शिखराशी रेंगाळणाऱ्या रॉकेटला तो कुठून येणार? अशी नोंद गाळा आणि कप्प्याची इंजिनाकडची बाजू घट्ट बंद करा.

करून पाहा : शाळेच्या जिन्याची एक पायरी मोजा, पायऱ्या मोजा आणि गच्चीची उंची काढा. तळाशी शून्य लावून यंत्र गच्चीवर न्या. दोन्ही आकडे जुळतात का? पुन्हा खाली आल्यावर यंत्र शून्य दाखवते का? हे दहा वेळा करून नोंदी वहीत लिहा. दहा आकड्यांत जेवढी तफावत दिसेल, तेवढ्या फरकावरून कोणाचाही पहिला क्रमांक काढू नका. आणि एक सूचना : इंजिने घरी कधीही बनवू नका, उड्डाण नेहमी शिक्षकांच्या देखरेखीखाली, मोकळ्या मैदानावर करा.