स्मरण, अवधान आणि अभ्यास

"आमच्या मुलाच्या डोक्यात काही राहतच नाही," ही पालकांची तक्रार आम्हां शिक्षकांच्या कानी नेहमी येते. कित्येकदा मुलाला 'मठ्ठ' ठरवून शाळेतून काढण्यापर्यंत मजल जाते. म्हणून स्मरण आणि अवधान या दोन शक्तींचा येथे थोडा विचार करू.

अवधान हे मनाचे दार होय. दारातून जे आत आलेच नाही, ते स्मरणात कोठून राहणार? आत आलेली गोष्ट प्रथम मनाच्या पाटीवर उतरते. पण ही पाटी फार लहान. तिच्यावर एका वेळी सुमारे सात गोष्टी मावतात, असे जॉर्ज मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५६ साली मांडले. नेल्सन कोवन यांनी २००१ साली हा आकडा चारच्या आसपास आणला.

आता ३८ गुणिले ७ हे तोंडी करून पाहा. तीस साते २१०, ते ध्यानात धरून आठ साते ५६, मिळून २६६. ज्याला पाढे येतात तो ५६ तत्काळ म्हणतो. ज्याला येत नाहीत तो बोटे मोजू लागतो, आणि तेवढ्यात पाटीवरचे २१० पुसले जातात. या मुलाला बुद्धी नाही असे नव्हे. त्याच्या पाटीवर जागा उरली नाही, इतकेच. तात्पर्य, पाठांतर हा विचाराचा वैरी नसून त्याचा मदतनीस आहे.

मात्र पाठ केलेले टिकावे कसे? हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ साली स्वतःवर प्रयोग करून दाखविले की, विसरणे आरंभी झपाट्याने होते व पुढे मंदावते. तेव्हा उजळणी लवकर आणि वारंवार हवी. आपल्या जुन्या गुरुजनांना हे ठाऊक होते. कुराण मुखोद्गत करणारा विद्यार्थी नव्या सबकाबरोबर अलीकडची सबकी आणि जुनी मंजिलही म्हणून दाखवितो. वेदपाठशाळेत पद, क्रम, जटा, घन अशा रीतींनी तोच पाठ घोळविला जातो. रोडिगर व कार्पिक यांच्या २००६ सालच्या प्रयोगांतही असेच दिसले: पुनःपुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा, पुस्तक मिटून आठवणाऱ्यांच्या ध्यानात आठवड्यानंतर अधिक राहिले.

म्हणून पालकहो, मुलास "वाच" एवढेच न म्हणता "वाचलेस ते सांग" असे म्हणावे. आज विचारलेले उद्या आणि आठवड्याने पुन्हा विचारावे. त्या वेळी रेडिओ, दूरदर्शन व मोबाइल बंद असावेत, आपलाही! फी आणि पुस्तके ट्रस्ट देऊ शकेल. शांत अर्धा तास मात्र घरानेच द्यावयाचा आहे.