पाइपाचं दुसरं टोक

गेल्या उन्हाळी सुट्टीत मी बोईसरच्या एमआयडीसीत इनप्लांट ट्रेनिंग केलं. सांडपाण्याचं केंद्र दाखवताना साहेब म्हणाले, "आपला सीओडी लिमिटमध्ये असतो." मी वहीत उतरवून घेतलं.

रविवारी रूममेटच्या घरी, मुरबे गावी जेवायला गेलो. त्याचे बाबा मासेमारी करतात, आई मासे विकते. पूर्वी खाडीत मिळायची ती मासळी आता मिळत नाही, होडी लांब न्यावी लागते, डिझेल परवडत नाही, असं बोलणं चाललं होतं. मी हुशारीने म्हणालो, "काकू, पाणी लिमिटमध्ये असतं." त्यांनी विचारलं, "म्हणजे दिवसाला समुद्रात जातं किती?"

मला उत्तर आलं नाही.

हॉस्टेलवर येऊन हिशोब केला. सीओडी म्हणजे पाण्यातली घाण रासायनिक रीतीने जाळायला लागणारा ऑक्सिजन. सामाईक केंद्रातून (सीईटीपी) बाहेर पडणाऱ्या पाण्याला मर्यादा आहे लिटरला २५० मिलिग्रॅम. तारापूरचं जुनं सीईटीपी २५ एमएलडीचं, म्हणजे दिवसाला अडीच कोटी लिटर. गुणाकार करा: रोज ६,२५० किलो! आणि हे सगळं नियमात असताना. आपण कॉन्सन्ट्रेशन मोजत होतो, काकूंनी लोड विचारला होता.

प्रत्यक्षात त्या केंद्राकडे क्षमतेपेक्षा जास्त पाणी येत होतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांसह देशात 'पहिलं' आलं. अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली आणि जानेवारी २०२२ मध्ये लवादाने सीईटीपी व शंभरावर कारखान्यांना भरपाईचे आदेश दिले.

मच्छीमारांना लवादापर्यंत का जावं लागलं? २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेत जनसुनावणी आहे, पण मंजूर औद्योगिक वसाहतीतल्या प्रकल्पांना तिच्यातून सूट आहे. म्हणजे विचारायची जागाच नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायला लावले. शाळेत वह्या वाटल्या तर चांगलंच आहे, पण ते काकूंच्या प्रश्नाचं उत्तर नव्हे.

शेअरहोल्डर म्हणजे ज्याचे पैसे गुंतलेत तो. स्टेकहोल्डर म्हणजे ज्याचं पोट पणाला लागलंय तो. त्याला सहभागी करून घेणं फार अवघड नाही. रोजचा लोड किलोमध्ये, मराठीत, ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. नमुना गावकऱ्यांसमोर घ्या. केंद्र बिघडलं तर त्याच दिवशी गावाला कळवा, मासे मेल्यावर नको.

माझ्या ट्रेनिंग रिपोर्टच्या तक्त्यात मी एक रकाना वाढवला: 'किलो प्रतिदिन'. आपल्यातले बरेचजण उद्या याच एमआयडीसीत अशा तक्त्यांवर सह्या करतील. सही करण्याआधी एकदा किनाऱ्यावर जाऊन पाइपाचं दुसरं टोक बघून या. तिथे कोणी प्रश्न विचारला, तर उत्तर खिशात असू द्या.