थेंब का फुटतो?

चित्रात पावसाचा थेंब वर टोकदार आणि खाली गोल काढतात. प्रत्यक्षात लहान थेंब जवळजवळ गोल असतो आणि मोठा थेंब पडताना खालून चपटा होतो, कारण हवा त्याला खालून दाबते. हा दाब फार वाढला की थेंब फुटतो. तो केव्हा फुटतो, हे आपण पाहू.

थेंबावर दोघांची ओढाताण चालते. पृष्ठताण त्याला गोल धरून ठेवतो, हवेचा मारा त्याला चपटा करतो. कोण जिंकणार, हे एका अंकावरून कळते. जर्मन अभियंते मोरित्झ वेबर यांच्या नावाने त्याला वेबर अंक म्हणतात.

वेबर अंक = हवेची घनता × वेग × वेग × थेंबाचा व्यास ÷ पृष्ठताण

येथे वेग म्हणजे थेंबाच्या तुलनेत हवेचा वेग. पाण्यासारख्या पातळ द्रवाचा थेंब हा अंक साधारण १२ च्या वर गेला की फुटतो.

उदाहरण : पाण्याच्या थेंबाचा व्यास ०.००३ मीटर (३ मि.मी.), हवेची घनता १.२ किलोग्रॅम प्रति घनमीटर, पृष्ठताण ०.०७२ न्यूटन प्रति मीटर.

वेग सेकंदाला १० मीटर : अंक ५. थेंब टिकतो.
वेग सेकंदाला २० मीटर : अंक २०. थेंब फुटतो.

वेग दुप्पट झाला, पण अंक चौपट झाला, कारण सूत्रात वेग दोनदा येतो.

२० मीटर वेगात थेंब आधी पुरीसारखा चपटा होतो. मग त्याचा मधला भाग वाऱ्याच्या दिशेने पातळ पिशवीसारखा फुगतो. पिशवी फुटून बारीक तुषार उडतात. भोवतीचे जाड कडे तुटून मोठे थेंब होतात. वेग १०० मीटर झाला तर अंक ५०० होतो. तेव्हा थेंबाच्या कडांवरून पातळ पदर निघतात आणि त्यांचे तुषार होतात.

याचा उपयोग काय? १ मि.मी. व्यासाच्या थेंबातून ०.१ मि.मी. व्यासाचे १००० थेंब होतात आणि एकूण पृष्ठभाग दहापट वाढतो. त्यामुळे इंधनाची वाफ लवकर होते. म्हणून विमानाच्या अनेक जेट इंजिनांत वेगवान हवेने इंधनाचे तुषार करतात. शेतात मात्र उलट काळजी घ्यावी लागते. कीटकनाशकाचे फार बारीक तुषार वाऱ्याबरोबर शेजारच्या शेतात, घरात आणि फवारणाऱ्याच्या श्वासात जातात. ज्यांच्या घरी फवारणी होते, त्यांनी हे घरी अवश्य सांगावे.

स्वाध्याय : पाण्याच्या १ मि.मी. व्यासाच्या थेंबावर सेकंदाला ३० मीटर वेगाची हवा आली, तर तो टिकेल का?
(उत्तर : अंक १५. थेंब फुटेल.)