ऐकणे, बोलणे आणि दोष शोधणे : हौशी रेडिओचा एक पाठ

आम्ही इतिहासाचे शिक्षक. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने लेख मागितला तेव्हा आमच्याकडून खानदेशातील एखाद्या सत्याग्रहावर लेख येईल, अशीच त्यांची अपेक्षा असणार. प्रस्तुत लेख मात्र रेडिओच्या तारेविषयी आहे. इतिहासाचा शिक्षक या तारेपर्यंत कसा पोहोचला, हे प्रथम सांगणे आवश्यक आहे.

नववीच्या वर्गात आम्ही १९४२ चे आंदोलन शिकवीत होतो. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारमध्ये पोलिसांच्या गोळीबारात शिरीषकुमार व त्याचे चार साथीदार हुतात्मा झाले, हा आपल्या भागातील प्रसंग सांगून आम्ही मुंबईकडे वळलो. त्याच दिवसांत तेथे २२ वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांचे सहकारी गुप्त काँग्रेस रेडिओ चालवीत होते. वृत्तपत्रांवर निर्बंध होते. त्यामुळे आष्टी-चिमूरमधील अत्याचारांसारख्या दडपलेल्या बातम्या या केंद्रावरून लोकांपर्यंत जात. पहिले प्रक्षेपण २७ ऑगस्टला झाले. १२ नोव्हेंबरला पोलिसांचा छापा पडला आणि उषाताईंना अटक झाली. हे केंद्र ४२.३४ मीटरवर बोलत असे, असे आम्ही फळ्यावर लिहिले. तेव्हा मागच्या बाकावरील, साक्री तालुक्यातून आलेल्या एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, मीटरने तर कापड मोजतात. आवाज मीटरने कसा मोजायचा?"

वर्ग हसला. आम्हीही हसलो, परंतु उत्तर आम्हाला येत नव्हते. पंचवीस वर्षे आम्ही तो आकडा सांगत होतो आणि त्याचा अर्थ आम्हाला ठाऊक नव्हता. या एका प्रश्नामुळे आम्ही विज्ञानाच्या शिक्षकांकडे गेलो, पुढे परवान्याच्या परीक्षेला बसलो आणि अखेर शाळेच्या गच्चीवर चढलो.

मीटर आणि मेगाहर्ट्झ

रेडिओतरंग प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातो. एका सेकंदात जितकी आवर्तने होतात ती त्याची वारंवारता आणि एका आवर्तनात तो जितके अंतर कापतो ती त्याची तरंगलांबी. म्हणून ३०० या संख्येला तरंगलांबीच्या मीटरने भागले की वारंवारता मेगाहर्ट्झमध्ये मिळते. ३०० भागिले ४२.३४ म्हणजे सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ. मीटर आवाजाचा नव्हता, तरंगाचा होता.

पुढची गोष्ट आम्हाला अधिक महत्त्वाची वाटली. भारतातील हौशी रेडिओचालकांना आज जे पट्टे दिलेले आहेत, त्यांतील ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ हा एक पट्टा आहे. त्याला ४० मीटरचा पट्टा म्हणतात. उषाताईंचा आवाज ज्या ठिकाणी होता, ते ठिकाण या पट्ट्यातच येते. हा निव्वळ योगायोग नसावा. त्या केंद्राचे प्रक्षेपक यंत्र जुळविणारे नरीमन प्रिंटर हे हौशी रेडिओचे जाणकार होते. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू होताच ब्रिटिश सरकारने हौशी परवाने रद्द करून यंत्रे जमा करण्याचा आदेश दिला होता. ऐकण्याचा रेडिओ घरोघरी राहिला तरी सरकारला चालत होते. बोलण्याचे यंत्र मात्र चालत नव्हते. ऐकणे आणि बोलणे यांतील हा फरक विद्यार्थ्यांनी नीट लक्षात घ्यावा.

बोलण्याचा परवाना

आज हा अधिकार परीक्षेने मिळतो. केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागातील वायरलेस प्लॅनिंग अँड को-ऑर्डिनेशन विंग ही शाखा परीक्षा घेते. वयाची १२ वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही तिला बसता येते. रेडिओचे तत्त्व व व्यवहार हा एक भाग आणि नियम हा दुसरा. प्राथमिक असलेल्या रिस्ट्रिक्टेड श्रेणीसाठी मोर्स संकेताची अट नाही. दहावीपर्यंतचे भौतिकशास्त्र ज्याने समजून घेतले आहे, त्याला अभ्यास अवघड जाणार नाही. परवान्याबरोबर प्रत्येकाला स्वतंत्र संकेतनाम मिळते. जगात ते दुसऱ्या कोणाचे नसते. त्यात आडनाव नसते आणि गावाचे नावही नसते. ते ऐकणाऱ्याला एवढेच कळते की हा माणूस भारतातून बोलतो आहे आणि परीक्षा उत्तीर्ण झालेला आहे.

परवान्याशिवाय प्रक्षेपण करणे हा गुन्हा आहे. या लहरींवर व्यापारी निरोप, जाहिरात किंवा गाणी चालत नाहीत. बाजारात वॉकीटॉकी सहज मिळतो म्हणून तो कोणत्याही वारंवारतेवर वापरता येतो, असे कोणी समजू नये.

जळगावहून धुळ्याला कसे बोलावे ?

आम्ही प्रथम हातातला लहान संच आणला. तो १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या, म्हणजे दोन मीटरच्या पट्ट्यावर चालतो. धुळ्यातील एका अनुभवी चालकाशी वेळ ठरवून शाळेच्या गच्चीवरून हाक दिली. केवळ खरखर ऐकू आली. संच नादुरुस्त आहे, असे सर्वांचे मत पडले. संच उत्तम होता. चूक आमच्या भूगोलाची होती.

या पट्ट्यातील तरंग बहुतांशी सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी गोल आहे. अँटेनाची उंची मीटरमध्ये घेऊन तिचे वर्गमूळ काढावे, दोन्ही टोकांच्या वर्गमुळांची बेरीज करावी आणि तिला ४.१२ ने गुणावे. किती किलोमीटरपर्यंत पोहोच आहे याचा अंदाज मिळतो. आमची गच्ची ९ मीटर उंच, तिचे वर्गमूळ ३. समोरचा माणूस जमिनीवर हातात संच घेऊन उभा, त्याची उंची दीड मीटर धरली तर वर्गमूळ सुमारे १.२. उत्तर येते सुमारे १७ किलोमीटर. जळगाव ते धुळे हे सरळ अंतर सुमारे ८० किलोमीटर आहे. हाच संच भोवतालच्या सपाटीपासून ४०० मीटर उंचीच्या डोंगरावर नेला तर पोहोच ८५ किलोमीटरच्या पुढे जाते. सातपुड्याकडे पाहण्याची ही एक नवी दृष्टी आम्हाला मिळाली.

४० मीटरच्या पट्ट्याचे वागणे निराळे आहे. त्याचा तरंग वर जातो, दोन-तीनशे किलोमीटर उंचीवरील आयनांबरातून परत वळतो आणि खाली येतो. तार फार उंच नसली तर बराचसा तरंग सरळ वर जाऊन आसपासच्या काही शे किलोमीटरच्या परिसरात उतरतो. मधला डोंगर त्याला आडवा येत नाही. दिवसा जवळच्या जिल्ह्यांशी बोलण्यास हा पट्टा सोयीचा आहे. रात्री तो दूरचे ऐकवतो आणि जवळचे पुष्कळदा हरवतो.

उभारणी

साहित्य मोजके आहे : संच, १३.८ व्होल्टचा वीजपुरवठा किंवा बॅटरी, ५० ओहमची कोॲक्सिअल केबल आणि तांब्याची तार. तारेची एकूण लांबी काढण्यासाठी १४३ ला मेगाहर्ट्झने भागावे. ७.१ साठी उत्तर येते सुमारे २०.१ मीटर. मध्ये कापून दोन सारखे हात करावेत; केबलचा मधला गाभा एका हाताला आणि बाहेरची जाळी दुसऱ्या हाताला डाख देऊन जोडावी. तार प्रथम थोडी लांबच ठेवावी. छाटता येते, वाढविणे कठीण असते. आम्ही मध्यभाग गच्चीवरील बांबूला बांधला आणि दोन्ही टोके उतरती आणून एक निंबाच्या झाडाला व दुसरे कुंपणाच्या खांबाला नायलॉनच्या दोरीने ताणले. पत्र्याच्या छपरापासून तार शक्य तितकी दूर ठेवावी.

दोन बाबतींत तडजोड नको. विजेच्या तारांच्या वरून, खालून किंवा जवळून अँटेना कधीही नेऊ नये. आणि वैशाखात वळवाचे ढग दिसू लागले की केबल संचापासून काढून खोलीबाहेर ठेवावी.

त्या रविवारी सकाळी धुळ्याहून उत्तर आले, "पाच-नऊ". पाच म्हणजे प्रत्येक शब्द स्पष्ट, नऊ म्हणजे संकेत जोरदार. मुलांनी टाळ्या वाजवल्या त्याही तिकडे ऐकू गेल्या, कारण बोलण्याचे बटण आम्ही दाबूनच ठेवले होते.

दोषशोधन

आता ज्यासाठी हा लेख लिहिला, त्याकडे येतो. पावसाळा संपताना एका संध्याकाळी संच बिघडला. एस.डब्ल्यू.आर., म्हणजे दिलेल्या शक्तीपैकी किती परत फिरते हे सांगणारे गुणोत्तर, दीडच्या आत असायचे ते तीनच्या पुढे गेले. त्या वेळी संचाजवळ चोपडा तालुक्यातील एका पाड्यावरून आलेला आठवीचा विद्यार्थी होता. नोंदवही लिहिणे आणि ऐकणे, एवढेच त्याचे काम. आम्ही वर्गासमोर त्याला म्हणालो, "तूच काहीतरी फिरवले असशील." तो काही बोलला नाही. खाली मान घालून वसतिगृहात गेला.

संच दुरुस्तीला मुंबईला पाठविण्याचे ठरत होते. धुळ्याच्या चालकांनी दूरध्वनीवर एवढेच विचारले, "तुम्ही तपासले काय काय?" आम्ही काहीही तपासले नव्हते. त्यांनी सांगितलेला क्रम येथे देतो.

१. प्रथम वीजपुरवठा. ऐकताना व्होल्ट पुरेसे दिसतात, बोलताना मोजावेत. तारा बारीक असून त्यांचा रोध ०.२ ओहम असेल, तर १० अँपिअर वाहताना २ व्होल्ट वाटेतच जातात आणि १३.८ चे ११.८ उरतात. आमचा पुरवठा ठीक निघाला.

२. नंतर संच. अँटेना काढून तिच्या जागी ५० ओहमचा डमी लोड लावावा. गुणोत्तर एकाच्या जवळ आले तर संच निर्दोष. आमचे १.१ आले. मुंबईचा प्रवास तेथेच रद्द झाला.

३. मग केबल. दोन्ही टोके सोडवून गाभा आणि जाळी यांमधील रोध मल्टिमीटरने पाहावा. तेथे जोड दिसताच कामा नये. आम्हाला काही हजार ओहम दिसले, म्हणजे आत पाणी शिरले होते.

४. शेवटी अँटेनाचा जोड. बांबू उतरवून पाहिला. तांब्यावर हिरवट थर चढला होता आणि एक हात जवळजवळ सुटला होता. त्या जोडाला डाख नव्हता, वर पाणी अडविणारी चिकटपट्टीही नव्हती.

तो जोड मे महिन्यात उन्हाच्या घाईत आम्ही स्वतः केला होता. केवळ पीळ देऊन सोडून दिला होता.

दुसऱ्या दिवशी ज्या वर्गासमोर आरोप केला, त्याच वर्गासमोर आम्ही त्या विद्यार्थ्याची क्षमा मागितली. नवा जोड त्याच्याकडूनच डाख देऊन करून घेतला. तो आजही टिकून आहे. इतिहासाच्या वर्गात आम्ही वर्षानुवर्षे सांगतो की पुराव्याशिवाय निष्कर्ष काढू नये. स्वतःवर वेळ आली तेव्हा मोजमापाआधीच निवाडा दिला. आणि दिला तोही ज्याच्यावर देणे सर्वांत सोपे, त्याच्यावर. आपल्या समाजाने अशा निवाड्यांचे दुःख पिढ्यान् पिढ्या भोगले आहे. ते आमच्या तोंडून निघावे, याची खंत आम्हाला अजून आहे.

पुढे संध्याकाळी खरखर वाढू लागली, तेव्हा आम्ही शेजाऱ्यांना दोष दिला नाही. संच बॅटरीवर चालवून शाळेची एकेक कळ बंद करीत गेलो. वसतिगृहाची कळ बंद होताच आवाज थांबला. आमच्याच काही स्वस्त एल.ई.डी. दिव्यांतून तो येत होता. दिवे बदलले. दोष शोधताना आरंभ आपल्या घरापासून करावा, हे या वेळी कोणाला शिकवावे लागले नाही.

हे कशासाठी ?

मोबाइल असताना याची गरज काय, असे पालक विचारतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा हौशी चालकांनी भूकंपग्रस्त भागात जाऊन निरोप पोहोचविले. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीच्या वेळी भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हौशी रेडिओसाठीच पोर्ट ब्लेअरमध्ये होते. संपर्क तुटलेल्या अंदमानातून त्यांच्या संचाने बाहेरच्या जगाला खबर दिली. मोबाइलला मनोरा लागतो. रेडिओला एक बॅटरी, वीस मीटर तार आणि ती जोडता येणारा माणूस पुरतो. सातपुड्यातील आपल्या कित्येक विद्यार्थ्यांच्या पाड्यांवर आजही मोबाइलसाठी टेकडी चढावी लागते. असा माणूस तेथूनच तयार व्हावा, ही आमची इच्छा आहे.

मीटरचा प्रश्न विचारणारी विद्यार्थिनी आणि नोंदवही लिहिणारा विद्यार्थी, दोघेही परवान्याच्या परीक्षेची तयारी करीत आहेत. रोज सायंकाळी अर्धा तास ते केवळ ऐकतात. या छंदात बोलण्यापूर्वी ऐकावे लागते. माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे की, शाळेला भेट देताना हारतुरे आणू नयेत. चांगल्या प्रतीची तीस मीटर केबल, एक मल्टिमीटर किंवा डाख देण्याची इस्त्री आणावी. आणि शक्य असेल तर एक रविवार आमच्याबरोबर गच्चीवर घालवावा.