विजेवरचा टूथब्रश : कोणता घ्यावा?

प्रश्न : वडिलांना संधिवातामुळे ब्रश नीट धरता येत नाही, खर्ऱ्याचीही (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाची) सवय आहे. गोल फिरणारा विजेचा ब्रश घ्यावा की सोनिक?
— एक वाचक, मुर्री (जि. गोंदिया)

उत्तर : ज्यांच्या बोटांतील सामर्थ्य संधिवाताने हिरावले आहे, त्यांच्यासाठी असा ब्रश ही चैन नसून उचित तजवीज आहे. वैद्यकीय पुराव्यांचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2014 सालच्या समीक्षेत, साध्या ब्रशच्या तुलनेत, विजेच्या ब्रशच्या तीन महिन्यांहून अधिक वापरानंतर दातांवरील चिकट प्लाकचा थर सुमारे 21 टक्क्यांनी व हिरड्यांचा दाह 11 टक्क्यांनी कमी आढळला, आणि त्यातही सर्वाधिक पुरावा होता तो वाटोळे डोके आलटूनपालटून दोन्ही दिशांना फिरविणाऱ्या प्रकाराचा. तथापि सोनिकशी, म्हणजे अतिवेगाने कंप पावणाऱ्या ब्रशशी, त्याचे अंतर इतके अल्प आहे की, त्यापायी दुप्पट दाम मोजण्याचे प्रयोजन मला दिसत नाही. जाड मूठ, मऊ केस, दाब वाढताच मिळणारा इशारा आणि बदली डोकी सुलभपणे मिळण्याची खात्री, एवढे पाहावे. ब्रश घासू नये. दातांवर अलगद टेकवून सावकाश पुढे सरकवावा.

खर्ऱ्याचे जुने डाग मात्र कोणताही ब्रश काढणार नाही. त्यासाठी दंतवैद्य गाठावा, आणि तोंड उघडण्यास अडचण, पांढरा चट्टा वा न भरणारा व्रण आहे काय, याची तपासणी करवून घ्यावी. जवळपास सोय नसेल, तर नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय आहे. ही तपासणी ब्रशच्या खरेदीपूर्वीच व्हावी, अशी माझी आग्रहाची शिफारस आहे.