आधीचं लेकरू धावू द्या, मग पाळणा हलवा



पूर्वी घरात सात-आठ बाळंतपणं व्हायची, पण हाती लागायची चार-पाच लेकरं. ‘दोन गेली तरी दोन राहतील’ या धास्तीने माणसे जास्त मुले होऊ देत. ती धास्ती खोटी नव्हती. १९७१ साली आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १२९ बाळे वर्षाच्या आत दगावत. २०२० साली हा आकडा २८ वर आला.

हे कशामुळे घडले?
शास्त्राने उपाय शोधले, शासनाने ते गावोगाव पोचवले. १९८५ पासून सर्व बाळांसाठी मोफत लसीकरणाचा कार्यक्रम सुरू झाला. २०१४ साली भारत पोलिओमुक्त ठरला. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळाला ऊब देणे, वजन करणे, जंतुदोष ओळखणे शिकवले. तिथल्या ३९ गावांत तीन वर्षांत नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. २०११ पासून देशभर आशाताई याच कामासाठी बाळंतिणीच्या घरी येतात.

मग तुमचे काम कोणते?
दोन मुलांत अंतर ठेवणे. पाठोपाठ पीक घेतले की जमिनीचा कस जातो. आईचेही तसेच. झिजलेलं अंग भरून यायला वेळ लागतो. लगेच दिवस गेले, तर अंगावरचे मूल लवकर तुटते आणि पोटातले मूल कमी वजनाचे होण्याचा धोका वाढतो. म्हणून बाळंतपणानंतर निदान दोन वर्षे पुन्हा दिवस जाऊ देऊ नका. म्हणजे दोन मुलांत सुमारे तीन वर्षांचे अंतर पडेल. पाळी आली नाही म्हणून दिवस जाणारच नाहीत, असे धरून चालू नका.

उपाय कोणते?
निरोध, गोळ्या, तांबी आणि दर तीन महिन्यांनी घ्यायचे ‘अंतरा’ इंजेक्शन. सरकारी आरोग्य केंद्रात हे मोफत मिळते. बाळाला अंगावर पाजत असाल तर नर्सबाईंना आधी सांगा. कुटुंब पुरे झाले असेल, तर पुरुषांची बिनटाक्याची नसबंदी सोपी आहे. तिने ताकद कमी होत नाही.

सक्ती कोणाचीही नाही. मुलगा असो वा मुलगी, आहे ते लेकरू धडधाकट वाढावे, एवढे मनात धरा. नवरा-बायको दोघे मिळून या, विचारा आणि ठरवा.