कललेला मनोरा

कराड

चि. मृणाल,

परवा ताईचा फोन आला होता. तुझी खुशाली सांगता सांगता सहज म्हणाली, "तिच्या सगळ्या चाचण्या झाल्या बघ. एकीत तेवढा पवनचक्कीचा मनोरा कलला, ती सोडून देणार म्हणत होती." ताईच्या लेखी ही आनंदाची बातमी. माझी मात्र ताटातली भाकरी तशीच राहिली.

खरं आहे का हे? आणि सोडून देणार म्हणजे काय?

पवईच्या लॅबमध्ये ते 4.5 मीटर हाताचं गरगर फिरणारं यंत्र तू मला दाखवलंस. 50 पट गुरुत्वाकर्षणात 25 सेंटिमीटर वाळू 12.5 मीटरच्या थरासारखी वागते आणि 20 सेकंदांचा भूकंप 0.4 सेकंदात उरकावा लागतो, हे तूच समजावलंस. वाळूत साधं पाणी चालत नाही, मेथिल सेल्युलोज घालून ते 50 पट दाट करायचं. मी म्हटलं, ही तर खळ झाली! त्यावर तू चिडलीस. "मामा, पाणी पातळ राहिलं तर ते भराभर निसटतं, वाळू लवकर सावरते आणि पाया उगाच भक्कम दिसतो."

उगाच भक्कम. जिला पाण्याचा पातळपणा खपत नाही, तिला गाळलेली चाचणी खपावी? पवनचक्कीला कायमचा अर्धा अंश कल म्हणजे शेवटची हद्द, हेही तुझंच. 80 मीटर उंचीवर तो 70 सेंटिमीटर भरतो. भर समुद्रातला खांब सरळ करायला कोण जाणार आहे?

आता ताईलाही ठाऊक नसलेलं सांगतो. 1986 साली मी ज्युनियर इंजिनियर असताना एका गावात पाण्याची उंच टाकी बांधत होतो. तीही तुझ्या पवनचक्कीसारखीच, सगळं वजन डोक्यावर. ओतकाम चालू असताना पाऊस आला आणि मालात पाणी फार झालं. चाचणीसाठी त्याच मालाचे क्यूब भरायला हवे होते. मुकादम म्हणाला, "साहेब, उद्या चांगल्या मालाचे भरू." मी मान हलवली. 28 दिवसांनी अहवाल उत्तम आला. यायचाच. सही माझी.

आपण कोयनेच्या अंगाखांद्यावरची माणसं. 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपात पहाटे आईनं मला आणि ताईला गोधडीसकट अंगणात आणलं, ते मी विसरलेलो नाही. तरी मी मान हलवली! त्यानंतर कोयनेचा धक्का बसला की सकाळी गाडीला किक मारून मी त्या टाकीखाली जाऊन उभा राहायचो. मामीला वाटायचं, साइटवर जातोय. 2001 च्या भूकंपात भुजकडच्या टाक्यांच्या खांबांना बुडाशी तडे गेल्याचं वाचलं, तेव्हा पेपर घडी करून कपाटात ठेवला. टाकी पडली नाही. दोन वर्षांपूर्वी गावाला नवी झाली आणि जुनी रिकामी केली, त्या रात्री मी नीट झोपलो.

तू त्या मुकादमाचं ऐकू नकोस. तुझ्या तिकडे तो कोणत्या रूपात येतो, मला माहीत नाही.

फार बोललो का? कदाचित सेन्सरच सुटला असेल, वाळूत हवा राहिली असेल, वाळू सैल भरली गेली असेल. मग ती चाचणी बाद करायला कोणाची हरकत आहे? फक्त का बाद केली, ते वहीत लिही. आणि कारण सापडत नसेल, तर पुन्हा कर. सहा महिने जातील, जाऊ देत. पैशांची ओढ लागली तर ताईला नको, मला सांग. तुझे बाबा गेल्यापासून ती तुझ्या एकेका परीक्षेवर श्वास धरून असते, म्हणून तूही घाई करतेस, हे मला न कळण्याएवढा मी म्हातारा झालेलो नाही.

रात्री लॅबमध्येच झोपतेस म्हणे. मामीनं मेतकूट आणि कुळथाचं पीठ बांधून ठेवलंय, कोणी येणारं असेल तर कळव.

आणि त्या कललेल्या मनोऱ्याचा एक फोटो पाठव. मला बघायचाय. किती कललाय ते मी काही मोजणार नाही.

तुझा
मामा